चिंचोक्यांचं दिव्यांचं कोडं: नियम न बोलता शिकवा

5 चिंचोके मधोमध फोडा, 10 फाका होतात. एक जादा असू दे. पांढरी बाजू पेटलेला दिवा, तपकिरी विझलेला. खानापूर-निपाणीकडे एकाच डावाला मराठी आणि कन्नड माध्यमाची पोरं बसतात, म्हणून करूनच दाखवा. 3×3 घरं, सगळं तपकिरी. मधल्या घरावर बोट ठेवा: ती फाक आणि वर-खाली-डावी-उजवीकडची, अशा 5 उलटा. कोपऱ्याला 3च. तिरपी कधीच नाही. पोरं चुकतात ती इथेच. तेच घर पुन्हा दाबलं की डाव होता तसा. आता दोन घरं गुपचूप दाबा, पोरानं सगळं विझवायचं.

5×5 वर मात्र फाका मनाला येईल तशा टाकू नका: चारांतल्या तीन मांडण्या सुटतच नाहीत. तपकिरीपासून घरं दाबतच मांडा.