वधू-वर साइटचा नारळ फोडण्याआधी

मंडळाच्या कामांत नेहमी होतं तेच याही कामात झालं: उद्घाटनाची तारीख आधी ठरली, साइट बनवायला नंतर घेतली. मेळाव्याच्या दिवशी पाहुणे व्यासपीठावरून बटण दाबणार, मागच्या पडद्यावर साइट उघडणार, टाळ्या पडणार. वधू-वर सूचक साइट वरवर बघितली तर तीन फॉर्म आणि एक शोध, एवढीच. पण आत काय साठतं बघा: जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, आई-वडिलांचे मोबाइल नंबर, घराचा पत्ता, मुलामुलींचे फोटो, कधी घटस्फोटाचे कागद. लोक हे घरीसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवतात. अशा दोन-तीन साइट करून झाल्यावर माझी तयारीची एक यादी बनली, ती ही. मी पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर काम करतो, त्यामुळे नावं तिकडची आहेत. पायथन किंवा नोडवाल्यांनी नावं बदलून घ्यावीत, काम तेच राहतं.

पहिल्याच दिवशी ज्याच्या मागे लागायचं ते काम कोडचं नाहीच. ओटीपी एसएमएसने पाठवायचा असेल तर मंडळाची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा मजकूर, हे सगळं डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणीच्या व्यवस्थेत, मंजूर व्हावं लागतं. त्याशिवाय एसएमएस जात नाही. सहीसाठी अध्यक्ष गावाला गेलेले असतात, पॅन कार्डावर मंडळाचं नाव वेगळंच असतं. आधी हे सुरू करून द्यायचं आणि मग कोडला बसायचं.

होस्टिंग घेताना पीएचपीची आवृत्ती बघायची. नव्या आवृत्तीला एकूण चार वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ज्या आवृत्तीची मुदत संपत आली आहे तिच्यावर नवी साइट उभारू नये. नेटवरचे जुने धडे ओळखायची खूण सोपी आहे: ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ हे फंक्शन दिसलं की पान बंद करायचं. ती अख्खी फंक्शनमाला २०१५च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७.०मधून काढून टाकली आहे. मग फोल्डरची मांडणी. वेब सर्व्हरला दिसेल असा एकच फोल्डर ठेवायचा. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल, लायब्रऱ्या (दुसऱ्यांचं तयार कोड), लॉग (साइटवर काय घडलं त्याच्या नोंदी) आणि फोटो हे सगळं त्याच्या बाहेर. गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) लपवलेला फोल्डर आणि कुणीतरी घाईत टाकलेली ‘बॅकअप-फायनल-२’ नावाची झिप आत राहिली नाही ना, हे ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून बघायचं. फाइल-व्यवस्थापकात बघून भागत नाही.

लॉगिन. पासवर्ड ‘पासवर्ड_हॅश’ने, म्हणजे उलटा वाचता येणार नाही अशा रूपात, साठवायचा, कॉलम २५५ अक्षरांचा ठेवायचा, स्वतःची गुप्त कृती शोधायला जायचं नाही. एक बारकावा मात्र आपल्या लिपीपुरता आहे. या फंक्शनमागची बीक्रिप्ट ही पद्धत पहिले ७२ बाइटच बघते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे मराठीत पासवर्ड लिहिणाऱ्याची फक्त २४ चिन्हं मोजली जातात, आणि काना-मात्रा-वेलांटी यांचीही त्यात वेगळी गणती. कुणी अख्खी ओवी टाकली तर तिचा शेवट काहीही असला तरी लॉगिन होईल. फॉर्मवरच मर्यादा सांगून टाकावी. ओटीपी सहा आकडी असेल तर शक्यता १० लाखच. पाच मिनिटांची मुदत आणि पाच प्रयत्नांची मर्यादा नसेल तर यंत्राला तेवढं काहीच नाही. आणि सर्व्हरच्या उत्तरातच ओटीपी परत पाठवायचा नाही. हसू नका. ब्राउझरमध्ये जुळवून बघायला सोपं पडतं म्हणून असं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवायचा ते. माझ्या पहिल्या साइटवर बायोडेटाच्या पत्त्याच्या शेवटी ३४७ असा आकडा होता. मंडळाच्या एका सदस्याच्या शाळकरी भाच्याने त्याचं ३४८ केलं आणि पुढचा बायोडेटा उघडला, मग ३४९, मग ३५०. त्याला हॅकिंगमधलं काही येत नव्हतं. बेरीज येत होती. लॉगिन आहे म्हणजे सुरक्षा आहे, असा माझा समज होता. लॉगिनने माणूस कोण हे कळतं. हा माणूस हे पान बघू शकतो का, हा प्रश्न प्रत्येक पानावर, डेटाबेसकडे जाणाऱ्या प्रत्येक क्वेरीत नव्याने विचारावा लागतो. वेबसाइटच्या धोक्यांची ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेची जी यादी आहे, तिच्या २०२१च्या आवृत्तीत पहिला क्रमांक याच चुकीचा आहे.

म्हणून आधी कागदावर तक्ता काढायचा: पाहुणा, नोंदणी केलेला, पैसे भरलेला, मंडळाचा कार्यकर्ता, आणि यांपैकी कोणी काय बघायचं. मग दोन ब्राउझर शेजारी शेजारी उघडायचे, दोन वेगळ्या खात्यांचे, आणि एकातले पत्ते उचलून दुसऱ्यात टाकत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या बहुतेक चुका अशाच सापडल्या. आयडी लांबलचक आणि यादृच्छिक केला तर अंदाज बांधता येत नाही हे खरं, पण लिंक व्हॉट्सॲपवर गेली की ती आडही उरत नाही. तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही. फोटोंचंही तेच. पान लॉगिनमागे आणि फोटो मात्र थेट पत्त्यावर उघडा, हे फार वेळा दिसतं. फोटो बाहेरच्या फोल्डरात ठेवायचे आणि आधी हक्क तपासून मग देणाऱ्या स्क्रिप्टमधूनच दाखवायचे. मोबाइल नंबर पडद्यावर फुल्या मारून दाखवला असेल तर सर्व्हरकडून आलेला जेसन, म्हणजे पडद्यामागचा कच्चा मजकूर, उघडून बघायचा. पूर्ण नंबर तिथे आला असेल तर त्या फुल्या म्हणजे नुसती शोभा.

डेटाबेसला प्रश्न विचारताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरायचं, म्हणजे क्वेरी आणि लोकांनी भरलेला मजकूर वेगवेगळे पाठवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. भरलेल्या मजकुरातून क्वेरीच बदलून टाकायची, या एसक्यूएल इंजेक्शनवर १९९८पासून जाहीरपणे लिहिलं जातंय, तरी ती भोकं अजून सापडतात. माझी पहिली चाचणी साधी: वसईकडचं किंवा गोव्याचं डि'सोझा हे आडनाव मधल्या चिन्हासकट टाकायचं. फॉर्म मोडला तर कुठेतरी मजकूर थेट क्वेरीत चिकटवलेला आहे. जिथे हमखास फसायला होतं ती जागा ‘उंचीनुसार लावा, वयानुसार लावा’ ही. कॉलमचं नाव प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये मूल्य म्हणून देता येत नाही, मग लोक ते सरळ जोडून टाकतात. परवानगी असलेल्या चार-पाच कॉलमांची यादी कोडमध्ये ठेवायची आणि त्यात नसेल ते नाव नाकारायचं.

पडद्यावर छापताना प्रत्येक मजकूर ‘एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स’मधून काढायचा, म्हणजे त्यातलं कोड चालत नाही, नुसतं दिसतं. साठवताना नाही, छापताना. ‘जोडीदाराविषयी अपेक्षा’ या रकान्यात कुणी स्क्रिप्ट टाकली, तर ती सगळ्यांत आधी कुणाच्या ब्राउझरमध्ये चालेल? बायोडेटा मंजूर करायला बसलेल्या कार्यकर्त्याच्या, म्हणजे ज्याच्याकडे सगळे हक्क आहेत त्याच्याच. २००५मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर याच मार्गाने एक किडा, म्हणजे स्वतःच पसरणारी स्क्रिप्ट, सुटला होता आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांवर खात्यांत पसरला होता.

मराठी मजकुराची तयारी वेगळी, आणि इंग्रजी धड्यांत ती सापडत नाही. टेबलं यूटीएफ-८-एमबी-४मध्येच करायची. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-८मध्ये तीन बाइटपर्यंतचीच चिन्हं बसतात. देवनागरी बसते, म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या काकूंनी बायोडेटात हात जोडलेला इमोजी टाकला की नोंदणी अडते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी बाइट मोजणाऱ्या साध्या फंक्शनने १५ येते, चिन्हं मोजणाऱ्या एमबीवाल्याने ५ आणि वाचणाऱ्या माणसाने मोजली तर ३. साध्या फंक्शनने मजकूर शंभराव्या बाइटवर तोडला की टोकाला चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटतं.

त्याहून चिवट प्रश्न कऱ्हाडकरांचा. यातला ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकच चिन्ह म्हणून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह अशा क्रमाने. पडद्यावर तिन्ही सारखे, पण बाइट वेगळे, आणि शोधणाऱ्याने वेगळ्या कीबोर्डवरून टाइप केलं की मुलगी ‘सापडत नाही’. पहिले दोन प्रकार पीएचपीच्या इंटल या जोडणीतल्या नॉर्मलायझरने एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतः बदली लिहावी लागते. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे तीच प्रक्रिया चालवायची. मोबाइलच्या रकान्यात कुणी ९८२२ असे मराठी आकडे टाकले तर ते नाकारायचे नाहीत, सर्व्हरवर बदलून घ्यायचे. आणि वेळा: नोंदणी, पैसे, लॉगिन यांच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवाव्यात हे योग्यच. जन्मवेळ मात्र सांगितली तशीच ठेवायची. एका उत्साही मदतनीसाने तीही यूटीसीत बदलली आणि सगळ्यांच्या पत्रिका साडेपाच तास मागे गेल्या.

फोटो अपलोडवर निम्म्या तक्रारी येतात. पीएचपीत एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी असते. फोनचे तीन फोटो जोडले की ती ओलांडली जाते, आणि तेव्हा पीएचपी अख्खा फॉर्मच रिकामा करून हातात देतं. रिकाम्या फॉर्ममध्ये सीएसआरएफचं टोकनही (फॉर्म आपल्याच साइटवरून आला याची गुप्त खूण) नसतं, म्हणून बिचाऱ्या वडिलांना ‘अवैध विनंती’ असा संदेश दिसतो आणि ते मंडळात फोन करतात. मर्यादा वाढवायची, आणि रिकामा फॉर्म आला तर ‘फोटो फार मोठे आहेत’ असं मराठीत सांगायचं. ब्राउझरने सांगितलेल्या फाइलच्या प्रकारावर विश्वास न ठेवता सर्व्हरवर प्रकार तपासायचा, फाइलला स्वतः नवं यादृच्छिक नाव द्यायचं आणि चित्र पीएचपीच्या जीडी या चित्रांच्या लायब्ररीने पुन्हा बनवायचं. पुन्हा बनवल्याने आणखी एक मोठं काम होतं: घरी काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, ते गळतात. मात्र त्याच माहितीत फोटो उभा की आडवा हेही असतं. ते आधी वाचून चित्र फिरवून घ्यायचं, नाहीतर नवरदेव आडवे पडतात. १२ मेगापिक्सेलचं चित्र उलगडायला किमान ४८ एमबी मेमरी लागते, हेही लक्षात ठेवायचं.

सेशनचं, म्हणजे लॉगिन झालेल्या माणसाची ओळख टिकवण्याचं, भराभर: लॉगिननंतर सेशन आयडी बदलायचा, ती ओळख ब्राउझरमध्ये ठेवणाऱ्या कुकीवर सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली आणि सेमसाइट तिन्ही लावायचे, माहिती बदलणाऱ्या प्रत्येक फॉर्मला टोकन द्यायचं. पैशांचंही तेवढंच: रक्कम फॉर्ममधून घ्यायची नाही, सर्व्हरवर ठरवायची, रुपयांत नाही, पैशांतला पूर्णांक म्हणून साठवायची, पैसे घेणाऱ्या गेटवेकडून आलेल्या निरोपाची सही तपासायची, आणि तोच निरोप दोनदा आला तर पावती एकदाच फाडायची.

बायोडेटा काढून टाकायची सोय सुरुवातीलाच करावी. लग्न जमलेल्या मुलीचा फोटो वर्षभर फिरत राहिला तर भांडण मंडळाच्या दारात येतं. शिवाय २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. लॉगमध्ये पासवर्ड आणि ओटीपी लिहिले जात नाहीत ना, तेवढं बघायचं.

बॅकअप रोज, दुसऱ्या ठिकाणी, कुलूपबंद करून. आणि तो एकदा तरी वेगळ्या मशीनवर उतरवून, साइट त्यावर चालवून बघायची. न उतरवलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

आदल्या संध्याकाळी: चुका पडद्यावर दाखवणं बंद आणि लॉगमध्ये लिहिणं चालू, ‘टेस्ट टेस्ट’ नावाचे उमेदवार साफ, ‘ॲडमिन१२३’ असा पासवर्ड कुणाचा उरला नाही ना याची खात्री. साइट https वर चालायला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकटातलं घेतलं असेल तर ते थोड्याच मुदतीचं असतं. आपोआप नवं होण्याची चाचणी आजच करायची. बायोडेटाची पानं शोधयंत्रांना बंद.

एक गोष्ट मात्र मेळाव्यातच कळते. लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा आपण आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, लावलेली असते. सभागृहातले तीनशे लोक एकाच वायफायवरून येतात, सर्व्हरच्या लेखी तो एकच माणूस असतो, आणि दहा आजोबांनी पासवर्ड चुकवला की सगळं सभागृह बाहेर. म्हणून मर्यादा आधी खात्यावर लावायची, आयपीवरची बरीच सैल ठेवायची, आणि त्या दिवशी लॉग डोळ्यांसमोर उघडा ठेवून मागच्या रांगेत बसायचं. स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट आणि लॅपटॉपचा चार्जर बरोबर. पाहुणे बटण दाबतील. साइट आदल्या रात्री अकरा वाजल्यापासूनच सुरू आहे, हे अध्यक्षांनाही सांगू नये.