घरी टोमॅटो लावताय? खतापेक्षा पाणी सांभाळा

टोमॅटोचं बी उगवणं अजिबात अवघड नाही, खरा कस लागतो तो पुढे. झाड मस्त डेरेदार होतं, पिवळी फुलं लागतात आणि मग एकतर फुलं गळून जातात नाहीतर फळाचं बूड काळं पडतं, मग लोक धावतात खताच्या डब्याकडे. माझं ऐकाल तर आधी पाणी कसं घालताय ते बघा, घरच्या टोमॅटोच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

सुरुवात जातीपासून. एक बुटकी झुडपासारखी, ठराविक उंचीला वाढ थांबते आणि फळं साधारण एकदमच येतात, पाकिटावर डिटर्मिनेट लिहिलेलं असतं. दुसरी वेलासारखी वाढतच राहते आणि फळंही टप्प्याटप्प्याने देते, ती इनडिटर्मिनेट. जागा कमी असेल तर बुटकीच घ्या. पहिल्यांदाच लावत असाल तर चेरी टोमॅटो लावा, तो खूप समजूतदार आहे, थोडं इकडे तिकडे झालं तरी फळ देतो. पण कुठलीही जात असो, रोज कमीत कमी ६ तास थेट ऊन हवंच, ८ तास मिळालं तर सोन्याहून पिवळं. सावलीत झाड जगतं, पण फळं धरत नाही.

बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल टाका आणि माती ओलसर ठेवा, २० ते ३० डिग्री तापमान असलं की ५ ते १० दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसला की लगेच उजेडात ठेवायचं, नाहीतर रोप उजेड शोधत लांबुडकं होतं आणि मान टाकतं. पहिली दोन साधी गुळगुळीत पानं मोजायची नाहीत, त्यानंतर कातरलेल्या कडांची जी येतात ती खरी पानं. अशी चार-पाच आली, रोप वीतभर झालं, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, की मोठ्या कुंडीत हलवा. त्याआधी आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवून सवय करा.

आता हलवताना एक गोष्ट नक्की करा. रोप हातात धरून खोडाचा खालचा भाग जवळून बघा, लव तर असतेच पण तिच्यामध्ये बारीक पुळ्यांसारखे उंचवटेही दिसतात कधीकधी, ती मुळांची सुरुवात असते (लवेची मुळं होत नाहीत, तसं बरेच जण समजतात). म्हणून खालची पानं खुडून टाका आणि वरची तीन-चार पानं बाहेर राहतील इतकं खोल लावा. गाडलेल्या खोडाला सगळीकडून मुळं फुटतात आणि मुळं जास्त म्हणजे पुढे पाण्याचा चढउतार झाड जास्त सहन करतं.

कुंडी बुटक्या जातीला १२ इंची चालेल, वेलवाल्या जातीला १६-१८ इंची तरी घ्या. लहान कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते हाच तिचा मोठा तोटा. माती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड. ज्या मातीत आधी वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती लगेच वापरू नका, हे सगळे टोमॅटोचे भाऊबंद, रोगही तेच. आधाराची काठी लावतानाच खोचा, नंतर खोचली की मुळं तुटतात.

तर पाणी. बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, ओल लागली तर राहू द्या, इतकं सोपं आहे. द्याल तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या, रोज वरवर शिंपडू नका कारण मग मुळं वरच राहतात. सकाळी द्या, बुंध्याशी द्या, पानांवर नको. वरून वाळक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घातलं की मातीत ओल बराच वेळ टिकते. उन्हाच्या तडाख्यात दुपारी पानं थोडी मलूल दिसतात, संध्याकाळी सावरली तर काळजी नको, पण सकाळीच मलूल असतील तर तहान लागलीय किंवा मुळांना पाणी जास्त झालंय, पुन्हा बोट घालून बघा.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं ना, तो रोग नव्हे, तिथे कॅल्शियम कमी पडलेलं असतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं, दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बदाबदा असं झालं की वाढत्या फळाच्या टोकापर्यंत ते पोचतच नाही. अंड्याची टरफलं टाकून लगेच काही होत नाही, ती कुजायलाच कितीतरी महिने लागतात. पाणी नियमित करा, पुढची फळं बरी येतात. फळं तडकतात तीही कोरड्यानंतर अचानक भरपूर पाणी मिळालं की आतलं फुगतं आणि साल पुरत नाही म्हणून.

खताचं थोडक्यात: दोन-तीन आठवड्यांनी मूठभर कंपोस्ट पुरे. नत्र जास्त झालं की नुसता पाला होतो. फुलं लागली की पोटॅशवालं द्या.

फुलगळीचं कारण बऱ्याचदा हवा असते, दिवसा ३५ डिग्रीच्या वर किंवा रात्रीही खूप उकाडा असला की फळ धरत नाही, तेव्हा झाड जगवायचं आणि वाट बघायची. बाकी एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, बाल्कनीत वारा किंवा माश्या येत नसतील तर उन्हं वर आल्यावर फुलांच्या मागच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारा, खाली काळा कागद धरला तर पिवळी धूळ पडलेली दिसते.

वेलवाल्या जातीत पान आणि खोडाच्या बेचक्यात जी बगलफूट येते ती बोटभर असतानाच खुडा. बुटक्या जातीत खुडू नका, तिची फळं त्याच फांद्यांवर येतात.

जमिनीला टेकलेली पानं काढून टाका, करपा हा बुरशीचा रोग बहुतेक तिथूनच चढतो, पानावर एकात एक गोल कड्यांचे तपकिरी डाग दिसले की ते पान तोडून लांब टाका. पांढरी माशी दिसली तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. नवी पानं वाटीसारखी वळली, पिवळी पडली आणि वाढच खुंटली तर तो माशीने आणलेला व्हायरस, त्यावर औषध नाही, जीव कळवळला तरी झाड उपटा म्हणजे शेजारची वाचतील.

फळावर गुलाबी झाक आली की तोडलं तरी चालतं, घरात पिकतं आणि चवीत फारसा फरक पडत नाही, पक्ष्यांपासूनही वाचतं. ३० डिग्रीच्या वर तापमान राहिलं तर झाडावर फळ नारिंगीच राहतं, लाल रंग नीट धरत नाही, तेव्हा तर घरातच पिकवा. पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत चव आणि वास दोन्ही जातात. शेवटी झाडावर हिरवी पण पूर्ण भरलेली फळं उरली तर एका खोक्यात पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा, तीही लाल होतात.