नर नसताना मादी सिक्लिडने अंडी घातली तर काय करावं

एंजल, पॅरट किंवा ऑस्कर अशा सिक्लिड कुळातल्या माशाच्या मादीने फिल्टरच्या पाइपवर अंडी चिकटवली आणि टाकीत नर नाही, तर घाबरायचं काही नाही. आपल्या खाडीतलं कालुंदरही याच कुळातलं. नर असो-नसो, पोट अंड्यांनी भरलं की या कुळातली मादी ती घालते. दोन एंजल माद्या तर आपसात जोडी जमवून दोघीही घालतात.

‘नर नसेल तर अंडी अडकून मरेल’ असं सांगून दुकानदार नर गळ्यात मारतात. ऐकू नका. न घातलेली अंडी शरीर बहुधा हळूहळू शोषून घेतं. लहान टाकीत नर सोडलात, तर तो मादीचे पर फाडून ठेवेल.

अंडी लगेच खरवडू नका. एक-दोन दिवसांत ती पांढरी पडतात, बुरशी धरते. मादी स्वतःच खाते किंवा नाद सोडते. मग सायफनने ओढा. घाईने काढलीत तर पुढची खेप लवकर येते आणि मादी झिजत जाते.

आता खरी मेख: फुगलेलं पोट. हे ओळखायला शिकण्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मासा वरून बघा. अंड्यांचं पोट दोन्ही बाजूंनी सारखं भरतं, खवले अंगाला चिकटलेले असतात, खाणं चालू असतं आणि खालच्या पराच्या पुढे आखूड, बोथट नळी दिसते. खाणं बंद, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, कोपऱ्यात बसून राहणं, ही पोटाच्या आजाराची लक्षणं. खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले तर जलोदर. त्यातून मासा क्वचितच वाचतो.

पोट दाबून अंडी काढायचा सल्ला कुणी दिला तर सरळ दुर्लक्ष करा. आतला अंडाशय फाटू शकतो, अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. पोट फुगलेलं पण खवले अंगाला चिकटलेले असतील, तर दोन-तीन दिवस खायला देऊ नका आणि २५ टक्के पाणी बदला. तरी पोट उतरलं नाही तर मासा वेगळ्या टबात घ्या, एअर पंप लावा आणि २० लिटरला १ चहाचा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आधी विरघळवून घाला. जेवणातलं मीठ नको, त्याने काम होत नाही. पॅरटला नंतर सोललेला उकडलेला वाटाणा चालतो.

वारंवार अंडी घालत असेल तर मडकी, सपाट दगड काढा, किडे देणं कमी करा, लाइट आठ तासांवर आणा. गोव्यात उन्हाळ्यात पाणी आपोआप ३० अंशांच्या आसपास जातं, तेव्हा हीटर बंदच. पावसाळ्यात विहिरीचं गार, मऊ पाणी एकदम भरपूर ओतलंत, तर मादीला तो अंडी घालायचा इशाराच वाटतो. थोडं थोडं बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच.

आणि सायफनची नळी लांब घ्या. अंड्यांवर बसलेली ऑस्कर बोटाला कडकडून चावते.