विज्ञानाची गोष्ट रंगवताना या चुका टाळा

गणपतीत आमच्या बडोद्याच्या मंडळात मी मुलांना विश्वामित्री नदीतल्या मगरींची गोष्ट चित्रं दाखवत सांगते. पहिल्या वर्षी कीर्तनाचा क्रम धरला: आधी पूर्वरंगात तत्त्व, मग उत्तररंगात आख्यान. दहा मिनिटं नुसतं तापमान आणि लिंगनिश्चिती! पुढे बसलेली मुलं सतरंजीचे दोरे उपसायला लागली. कीर्तनात अभंग श्रोत्यांच्या आधीपासून ओळखीचा असतो, म्हणून लांब पूर्वरंग चालतो. विज्ञानात ती ओळख आपल्याला करून द्यायची असते.

आता सुरुवात अशी करते: मगरीने काठावर खड्डा केला, पंचवीस-तीस अंडी घातली, वर माती ओढली. आत मुलगे की मुली? अजून ठरलेलंच नाही! कुणीतरी विचारतंच, "मग कधी ठरणार?" तेव्हा सांगायचं की ते घरट्याच्या उबेवर ठरतं. २८ ते ३१ अंशांत माद्या, ३२.५ च्या आसपास बहुतेक नर. जेमतेम दीड अंशाचा फरक. मुलं गप्प होऊन ऐकतात.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती लक्षात येत नाही. गोष्टीतून तापमान काढून पाहा. तरीही ती तशीच पुढे जात असेल, तर विज्ञान नुसतं चिकटवलेलं आहे. माझ्या गोष्टीत काठावरची झाडं तुटतात, सावली जाते, माती तापते आणि पिल्लांचं पारडं फिरतं. उबेशिवाय ही गोष्ट घडूच शकत नाही.

मगरीला खलनायक करू नका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांत दिसल्या त्या सूड घ्यायला नव्हे. नदीच पात्र सोडून वस्तीत शिरली होती.

चित्र नेटवरून उचललंत तर जबडा नीट बघा. लांब, निमुळता असेल तर ते चंबळकडचं घडियाल. आपल्या मगरीचं तोंड रुंद.

आणि चित्र दाखवलं की लगेच उत्तर देऊ नका. जबड्यात पिल्लं धरलेली आई दाखवली की मुलं ओरडतात, "खातेय!" मी तेवढंच विचारते, "मग चावत का नाहीये?" कुजबुज सुरू होते. एकदा मागून एक मुलगी म्हणाली, "नेतेय कुठेतरी." मग मी पुढचं चित्र उघडलं: अंड्यातून पिल्लांचा आवाज येतोय आणि आई माती उकरतेय.