आखूड लेन्सनं काळविटाचा माग

लग्नाच्या कामासाठी घेतलेली 70-300 मिलिमीटरची लेन्स घेऊनच मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जातो. काळविटासाठी ती पुरते. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं 600 ची लेन्स भाड्यानं मिळते का, ते विचारतात. मी त्यांना उलटं विचारतो: काळवीट सकाळी कुठं उभा राहतो, ठाऊक आहे का?

आधी हिशोब समजून घ्या. क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 300 लावून 50 मीटरवरून बघितलं, तर चौकटीत साधारण 4 मीटर रुंदीचा तुकडा येतो. नर असतो सव्वा मीटरच्या आसपास लांब. म्हणजे तिसरा हिस्सा तो भरतो आणि बाकीच्या जागेत गवत, बांध, आभाळ येतं. माळावरच्या जनावराचा फोटो मला असाच आवडतो. 100 मीटरवरून मात्र हाच नर बारका दिसतो. तेव्हा सगळं कसब त्या 50 मीटरसाठी आहे, आणि ते अंतर चालत जाऊन कधीच कापता येत नाही. उघड्या रानात काळविटाचा भरवसा डोळ्यांवर असतो. माणूस उभा दिसला की कळप उधळलाच.

म्हणून त्यालाच येऊ द्यायचं. पूर्वीचे शिकारी ज्या खुणांवरून माग काढायचे, त्याच इथं कामाला येतात. बंदूक तेवढी गेली, आणि ती गेली ते फार बरं झालं. माजावर आलेला नर आपली हद्द धरून बसतो आणि ठरावीक जागी लेंड्या टाकतो. दुर्बिणीतून नीट बघा: आखूड गवतात काळपट ढीग दिसतो, काही ताजा, काही वाळलेला. ताजा ढीग दिसला की समजा, नर इथं परत येणार. मार्च ते मे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे जास्त पाहायला मिळतं. ढिगापासून 50-60 मीटरवर रस्ता असेल तिथं गाडी लावा, सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा, इंजिन बंद करा आणि गप्प बसा. गाडीतून उतरायचं नाही. गाडी हीच आपली लपण. खिडकीच्या काचेवर टेकवायला मी जाड कापडाच्या शिवलेल्या पिशवीत ज्वारी भरून नेतो. तिपाईपेक्षा ती बरी, लेन्स हवी तशी वळते.

उजाडायच्या आत पोचा. सोलापुरातून बार्शी रस्त्यानं नान्नज वीसेक किलोमीटर आहे, तेव्हा सबब चालत नाही. उन्हाळ्यात नऊ वाजले की माळ तापतो, जमिनीलगतची हवा लहरायला लागते आणि फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. लांबून काढणाऱ्याला हा त्रास जास्त, कारण मधली हवाच जास्त. जवळ बसलेल्याची आखूड लेन्स इथं भारी पडते.

फोकसबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक फोटो इथंच वाया जातात. कुसळी आणि पवन्या गवताची काडी आडवी आली की ऑटोफोकस तिलाच चिकटतो. फोकसचा एकच बिंदू निवडा. तो काळ्या गालावर ठेवू नका, तिथं मशीनला धरायला काही मिळत नाही. डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या कड्यावर ठेवा. अंतर जास्त असेल तर गळ्याशी काळा-पांढरा रंग भेटतो त्या रेषेवर ठेवा. नरानं चौकट भरली की काळ्या रंगामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि पोटाचा पांढरा भाग जळून जातो. त्यासाठी उजेडाची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) -0.7 वर ठेवा. उभ्या जनावराला 1/500 सेकंदाचा शटर चालतो. उड्या टिपायच्या असतील तर 1/2000 पर्यंत जा.

जनावर काय सांगतंय, तेही वाचायला शिका. चरता चरता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, तर काही नाही. सगळ्या माद्यांनी एकदम माना वर केल्या, एखादी ताठ उड्या मारू लागली, तर तुम्ही जवळ आहात. गाडी सुरू करून हळू निघून जा. गवतात पाडस एकटं पडलेलं दिसलं तर ते टाकलेलं नसतं, आईनंच लपवलेलं असतं. त्याच्याजवळ थांबूसुद्धा नका.

अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये राखलेलं हे रान आहे. माळढोक आज जवळजवळ दिसतच नाही, म्हणून उरलेल्या गवताला तरी जपलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हद्दीबाहेर मार्डी, कारंब्याकडच्या पडीक रानातही कळप येतात. तिथं शेतमालकाला विचारून थांबा. काळविटांनी हरभरा खाल्ल्यामुळे तो त्यांच्यावर चिडलेला असू शकतो. त्याचं ऐकून घ्या, वाद घालू नका. कळप रोज कोणत्या बांधावरून उतरतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

रात्री बॅटरी मारत फिरणारी गाडी दिसली तर लगेच वनखात्याला कळवा. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आपला फोटो कुठं टाकताना त्यातली जागेची नोंद आधी पुसून टाका, आणि खाली गावाचं नाव लिहिलं तरी बांध-ओढ्याची खूण लिहू नका. लांडग्याची पिल्लं दिसली असतील तर गावाचंही नाव नको.