कॅन्सर परत आला, तर आधी ब्लॉक मागा

कॅन्सरमुळे आण्णांचं जठर काढून दोन वर्षं होत आली होती आणि सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसले. त्या रात्री उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बसून आम्ही भावंडं एकच धोशा लावून होतो, केमो उद्याच चालू करूया. आज कुणी विचारलं तर मी सांगते, आधी ब्लॉक मागा.

ब्लॉक म्हणजे ऑपरेशनच्या वेळचा गाठीचा तुकडा, मेणात बसवलेला. काडेपेटीएवढाच असतो, लॅबवाले जपून ठेवतात. आम्हाला एका लॅबनं नुसत्या स्लाइड, म्हणजे काचेवरचे पातळ काप, दिल्या आणि आठवडा वाया गेला. तेव्हा 'ब्लॉक' हाच शब्द वापरा. त्यावर हर-टू, एमएसआय, पीडी-एल-वन आणि क्लॉडिन 18.2 या तपासण्या करता येतात, कोणतं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरतं. नव्या डागाची बायॉप्सी जमत असेल तर तीही करा, हर-टू मधल्या काळात बदललेला असू शकतो. हर-टू पॉझिटिव्ह निघाला तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवर नेम धरणारं औषध देतात, त्याची भारतीय बनावटीची इंजेक्शनं स्वस्त पडतात. एमएसआय तपासणीत 'हाय' आलं तर इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांबद्दल, आवर्जून विचारा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा.

केमोतलं ऑक्सालिप्लॅटिन हे औषध चालू असलं की थंडी सोसत नाही. पहाटे नळाखाली हात धरला आणि आण्णा कळवळले, बोटांत करंट लागल्यागत. पाणी कोमट द्या, फ्रिज त्यांना उघडू देऊ नका. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. जठर पूर्ण काढलेल्याला बी-12 चं इंजेक्शन कायम लागतं. जेवण दर दोन तासांनी, घासभर. गोड एकदम दिलं की घाम फुटतो, चक्कर येते. दुखणं वाढलं तर मॉर्फिनला घाबरू नका, वेदना कमी करणारे डॉक्टर पहिल्यापासून सोबत घ्या.

या टप्प्यावर औषधं बहुतेकदा आजार मुळातून काढत नाहीत, दिवस वाढवतात, त्रास कमी करतात. म्हणून पेशंटला काय हवंय ते त्यालाच विचारा. आण्णा म्हणाले, "खंडेनवमीला लेथची पूजा मीच करणार." डॉक्टरांनी केमोची पुढची फेरी चार दिवस पुढं ढकलली. पूजेला त्यांनी लेथच्या लोखंडावर हात ठेवला, तेव्हा हातात आईनं विणलेले लोकरीचे हातमोजे होते.