नाशिकहून गाडी घेऊन बर्फात जाताय? आधी चाकं बघा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. नेमकं त्याच दिवसांत नाशिकची कितीतरी कुटुंबं स्वतःची गाडी काढून मनालीकडे निघतात. साधारण पावणेदोन हजार किलोमीटर. सामानाची यादी महिनाभर आधी तयार असते, टायरकडे लक्ष जातं ते आदल्या दिवशी हवा भरताना. पहिल्या खेपेला मीही तसाच गेलो. मनालीजवळच्या सोलंगच्या अलीकडे उतारावर ब्रेक पूर्ण दाबलेला, तरी गाडी आवाज न करता पुढे सरकतेय, मागच्या सीटवर मुलं. ते दहा-बारा फूट मी अजून विसरलेलो नाही. टायरची नक्षी शाबूत होती, पण रबर सहा वर्षांचं होतं.

म्हणून सुरुवात टायरच्या वयापासून करा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर मी बर्फात नेत नाही. मग नक्षीची खोली टायरवाल्याकडून मोजून घ्या. नव्या टायरला ती साधारण ८ मिमी असते. कायद्याला १.६ मिमी चालते, बर्फाला नाही. तिथे किमान ४ मिमी हवी.

आता मुख्य प्रश्न : विंटर टायर घ्यायचे का? साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. पण हेच मऊ रबर धुळे, इंदूरच्या दुपारच्या डांबरावर भराभर झिजतं आणि ब्रेकही लांब लागतो. आठ दिवसांच्या सहलीसाठी इथूनच विंटर टायर चढवून जाऊ नका. चांगले, ताजे टायर आणि सोबत स्नो चेन, म्हणजे बर्फात टायरवर चढवायची साखळी, एवढं पुरेसं आहे. नवे टायर घ्यायचेच असतील तर ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर बघा, मात्र बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो.

हिवाळाभर तिकडेच राहायचं असेल, नोकरीची बदली वगैरे, तर गोष्ट वेगळी. मग विंटर टायरचा रिमसकट दुसरा संच करा. इथे दुकानात तयार मिळणं अवघड, ऑर्डर द्यावी लागते. चारही चाकांना एकसारखेच टायर हवेत. फक्त पुढे बसवले तर वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. बर्फात रुंद टायर तरंगतो, अरुंद टायर खाली रुततो आणि पकडतो. म्हणून रिम एक इंचानं लहान घ्या आणि टायरची बाजू उंच. उदाहरणार्थ, २१५/६० आर १७ च्या जागी २०५/७० आर १६ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). पहिल्याचा व्यास सुमारे ६९० मिमी, दुसऱ्याचा ६९३. हा फरक तीन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आतल्या, ब्रेक दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे बसवून, हातानं फिरवून बघा. नटांचं अंतर आणि ऑफसेटही, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते तेही, जुळायला हवं. साधी लोखंडी रिम उत्तम : खड्ड्यात ती वाकते, अलॉय तडकते. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळा.

स्नो चेन टायरच्या मापाचीच घ्या. मनालीत भाड्यानं मिळते, पण माप मिळेलच असं नाही. बर्फ पडल्यावर सोलंग किंवा अटल बोगद्याकडे पोलीस बहुतेक वेळा फोर बाय फोर (इंजिन चारही चाकं फिरवतं अशा) किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात. फोर बाय फोरनं गाडी निघते, थांबायला मात्र तिचा उपयोग नाही. चेन लावायची ती इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. घरी पार्किंगमध्ये दोनदा लावून, काढून बघा, तीही हातमोजे घालून. बर्फात बोटं बधिर होतात आणि आतल्या बाजूचा हुक दिसत नाही, चाचपून अडकवावा लागतो. लावल्यावर थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणा, वेग तीसपर्यंत ठेवा आणि कोरडा रस्ता लागला की काढून टाका.

हवेचं विसरू नका. पाच-सहा अंश तापमान उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. मुक्कामी पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडा भरा. पकड वाढेल म्हणून हवा कमी करू नका. स्टेपनीही तपासा.

परतल्यावर चेन पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर पुढच्या डिसेंबरात कड्या गंजून एकमेकींत अडकलेल्या सापडतील.